आधी ताटातूट लिहा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातला पेच थोडक्यात देते.

त्यांचं वय त्रेचाळीस. नोकरी सांभाळून चार वर्षं त्या एक कादंबरी लिहीत आहेत. वडील गेल्यावर घर रिकामं करायला नायिका सतरा वर्षांनी आपल्या लहानशा गावी परत येते. ज्याच्याशी तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, तो अजून तिथेच आहे. त्यानं तेव्हा लिहिलेलं एक पत्र तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं; ते आता घर आवरताना सापडतं. साठ हजार शब्द लिहून झालेत आणि शेवट अडला आहे. लेखनगटातल्या दोघीजणी म्हणतात, ‘ही प्रेमकथा आहे, दोघांना एकत्र आणलं नाहीस तर वाचकाला फसवल्यासारखं होईल.’ एक ज्येष्ठ लेखक म्हणतात, ‘एकत्र आणलंस की ती साहित्यकृती राहणार नाही, हलकी होईल.’ पत्रलेखिकेनं तीन शेवट लिहून पाहिले, तिन्ही खोटे वाटले. त्या विचारतात, ‘मी साहित्यिक कादंबरी लिहितेय की रोमान्स, हे आधी ठरवायला हवं का?’ आणि ताजा कलम म्हणून एक ओळ: ‘यात थोडं माझंही आहे, पण तो मुद्दा नाही.’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात शेवटाचा प्रश्न दिसला. दुसऱ्या वाचनात तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी थांबले: ‘ते वेगळे का झाले हे मी एका परिच्छेदात उरकलंय, कारण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.’ साठ हजार शब्दांत ताटातुटीला एक परिच्छेद! मला वाटतं, तुमचा शेवट त्या परिच्छेदात अडकून पडला आहे.

दोन माणसं पहिल्यांदा प्रेमात पडतात त्या गोष्टीत वाचक एकच विचारत असतो, यांचं जमेल का? एकदा जमून मोडलेल्या जोडीबद्दल त्याला तो प्रश्न पडत नाही. यांचं जमतं हे त्याला ठाऊक असतं. त्याची धास्ती वेगळी असते: तेव्हा जे मोडलं ते पुन्हा मोडणार नाही कशावरून? याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात बसून तयार करता येत नाही. तेव्हा ती गप्प बसली असेल, तर आता तिनं बोलायला हवं. तेव्हा तो घाबरून मागे फिरला असेल, तर आता भीती तितकीच असूनही त्यानं पुढे यायला हवं. कथेत पुढे काय घडायला हवं, हे ताटातूटच सांगते.

तुमच्या दोघांच्या नावावर मात्र काही देणंच नाही. पत्र पोहोचलं नाही, संपलं. तिची चूक नाही, त्याचीही नाही. सतरा वर्षांनी पत्र सापडतं, गैरसमज मिटतो आणि दोघांच्या हाताला काम उरत नाही. मग त्यांना जवळ आणलंत तर ते फुकट मिळाल्यासारखं वाटतं, आणि दूर ठेवलंत तर तो लेखिकेचा हट्ट वाटतो. शेवट बदलून बदलून पाहिलेत तरी खोटेपणा गेला नाही, तो यामुळे.

असं हस्तलिखित हाती आलं की मी एक साधा प्रश्न विचारते. त्या आठवड्यात दोघांपैकी कुणी एकानं दुसऱ्याचं दार वाजवलं असतं, तर ही कादंबरी तिथेच संपली असती का? संपली असती, तर मग दार का वाजवलं नाही तेच लिहायचं बाकी आहे. गाव लहान आहे. घरं चालत दहा मिनिटांवर आहेत. पत्र आलं नाही हे ठीक, पण ती स्वतः का गेली नाही? त्याला उत्तर मिळालं नाही हेही ठीक, पण त्यानं दुसरं पत्र का लिहिलं नाही? पहिलं पत्र हरवलं हा अपघात. दुसरं पत्र लिहिलंच गेलं नाही, तो त्याचा स्वभाव. कादंबरी तिथे आहे.

लेखकांना हरवलेलं पत्र आवडतं, त्याचं कारण मला समजतं. आपलं दोघांवरही प्रेम असतं. कुणावरही ठपका येऊ नये असं वाटतं, मग आपण दोष नशिबावर टाकतो. ही इच्छा फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत शकुंतलेला भर सभेत नाकारतो, आणि तिथे त्याला सगळं आठवत असतं. शापही नाही, अंगठीही नाही. त्याला ती हवी असते, पण लोकांनी तिला मान्य करावं म्हणून तो नाकारण्याचं नाटक करतो. आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासानं ही कथा घेतली आणि तिच्यात दुर्वासाचा शाप घातला. राजा विसरला, कारण त्याला विसरायला लावलं गेलं. म्हणजे तुमच्यासारखंच त्यानंही नायकाला वाचवलं.

पण त्यापुढे त्यानं जे केलं ते नीट पाहा. शापाची गोष्ट प्रेक्षकाला चौथ्या अंकातच कळते. दुष्यंताला ती अगदी शेवटी, सातव्या अंकात, मारीच ऋषींकडून कळते. मधल्या काळात अंगठी सापडते, आठवण परत येते, आणि सहावा अंकभर तो स्वतःलाच दोषी धरून जळत राहतो. आश्रमात शकुंतला समोर येते तेव्हा तो तिच्या पाया पडतो. आपण निर्दोष आहोत हे त्याला त्या क्षणी माहीतच नसतं. तीही शापाबद्दल काही जाणत नाही, आपल्याच पूर्वकर्माला बोल लावते. क्षमा आधी होते, सुटका नंतर मिळते. हा क्रम उलटा करून पाहा, सगळं नाटक कोसळेल. ‘माझी चूक नव्हती, शाप होता’ असं सांगत आलेल्या नवऱ्याला कुणी मनापासून माफ करेल का?

म्हणून तुम्हाला हरवलेलं पत्र ठेवायचंच असेल, तर ठेवा. फक्त त्याची जागा बदला. तुमच्या मसुद्यात ते सातव्या प्रकरणात सापडतं आणि मग दोघं मऊ होतात. ते उशिरा सापडू द्या. त्याआधी तिनं, कुठलंही निमित्त हाताशी नसताना, ‘मी यायला हवं होतं’ म्हणू दे. त्यानंही ‘मी पुन्हा लिहायला हवं होतं’ म्हणू दे. ते बोलून झाल्यावर पत्र सापडलं तर त्याचा अर्थच बदलेल. कदाचित ती ते उघडणारही नाही.

दुसरा मार्ग अवघड आहे आणि मला तो जास्त आवडतो: पत्र काढूनच टाकायचं. ताटातूट निवडीनं होऊ द्यायची. जेन ऑस्टिनची ‘पर्सुएशन’ या प्रकारच्या कादंबऱ्यांची आजी म्हणावी अशी आहे. तिथे कुठलाही गैरसमज नाही. एकोणीस वर्षांची अ‍ॅन एलियट आईसारख्या असलेल्या लेडी रसेलचं ऐकून, नौदलातल्या तरुण वेंटवर्थपाशी पैसा नाही आणि भविष्य अनिश्चित आहे म्हणून, ठरलेलं लग्न मोडते. आठ वर्षांनी तो यशस्वी कप्तान होऊन परत येतो. आणि शेवटाकडे तो एक कबुली देतो, ती मला दर वाचनात हलवून जाते. मोडल्यानंतर दोनच वर्षांत त्याच्या हाती थोडे पैसे आले होते, जहाज मिळालं होतं. तेव्हा पत्र लिहावं असं मनात आलं होतं, पण अभिमानानं लिहिलं नाही. म्हणजे आठातली सहा वर्षं त्याच्या खात्यावर जातात. एवढी वर्षं तो तिला दुबळ्या मनाची समजत होता, आणि हिशेब मांडायला बसला तर मोठा आकडा त्याचाच निघतो.

ही कादंबरी ऑस्टिननं १८१६ च्या जुलैमध्ये पूर्ण केली, आणि मग तिला तिचा शेवट पटला नाही. तुमच्यासारखंच. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिनं पुनर्भेटीचा भाग नव्यानं लिहिला. पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीला आलं. पण रद्द केलेली पानं तिच्या हस्ताक्षरात अजून टिकून आहेत, त्यामुळे तिनं काय बदललं ते आपल्याला पाहता येतं. जुन्या शेवटात वेंटवर्थला त्याचे मेहुणे पुढे करतात: अ‍ॅनचं चुलतभावाशी लग्न ठरलंय अशी बातमी आहे, ती खरी का ते विचार. तो विचारतो, ती नाही म्हणते, दोघांना एकमेकांचं मन कळतं. प्रसंग वाईट नाही. पण त्यात सगळं बाहेरून घडतं. एक अफवा येते आणि एक अफवा खोटी ठरते.

नव्या शेवटात अ‍ॅन एका खोलीत हार्विल नावाच्या मित्राशी वाद घालते आहे: आशा संपल्यावरही जास्त काळ प्रेम कोण करतं, पुरुष की स्त्री? वेंटवर्थ त्याच खोलीत दुसऱ्याच कुणाचं पत्र लिहीत बसलाय आणि ऐकतोय. तो कागद ओढतो आणि तिला पत्र लिहितो. पाहा काय झालं. जी मुलगी दुसऱ्याच्या सल्ल्यापुढे गप्प झाली होती, ती स्वतःचं मत ठामपणे मांडते. ज्यानं अभिमानापायी पत्र लिहिलं नव्हतं, तो ते पत्र लिहितो, सहा वर्षं उशिरा. ताटातुटीत दोघं ज्या ठिकाणी कमी पडले होते, नेमक्या त्याच ठिकाणी ते उभे राहतात. ऑस्टिनला नवा शेवट बाहेरून आणावा लागला नाही. तिनं आपलीच सुरुवात पुन्हा वाचली असावी, असं मला नेहमी वाटतं.

आता तुमच्या गावाबद्दल. मसुद्याच्या ज्या पंधरा पानांचा भाग तुम्ही जोडला आहे, त्यात गाव फार सुंदर आहे. नदी, पूल, संध्याकाळ, पुन्हा नदी. पण गावाला काही हवंय असं दिसत नाही. मोठ्या शहरात माणूस पुन्हा भेटायला योगायोग लागतो. लहान गावात तो टाळायला कष्ट पडतात. ही तुमच्या जागेची पहिली ताकद. दुसरी त्याहून मोठी आहे: गावानं तिची पंचविशीतली प्रतिमा जपून ठेवली आहे आणि ते तिला अजून त्याच नावानं हाक मारतं. तिला केवळ त्या माणसासमोर नव्यानं उभं राहायचं नाही, त्या प्रतिमेशीही निपटायचं आहे. तेव्हा गावातली तीनच माणसं निवडा आणि त्यांना स्वतःचा स्वार्थ द्या. एक, ज्याला यांच्या वेगळं होण्यानं काहीतरी मिळालं. एक, ज्याला यांनी पुन्हा एकत्र येणं दुखावेल. आणि एक, ज्याला खरं काय घडलं ते माहीत आहे आणि जो बोललेला नाही. लहान गावात पत्र आपोआप हरवत नाही. कुणाच्या तरी हातात ते राहिलेलं असतं. तो हात दुष्ट माणसाचा करू नका. लेडी रसेल अ‍ॅनवर जीव टाकते, म्हणूनच तिचा सल्ला इतका महाग पडतो. मृत्यूनंतर ज्यांचं घर तुमची नायिका आवरते आहे, त्या वडिलांकडे पुन्हा एकदा बघा, एवढंच सुचवते.

अजून एक गोष्ट मनापासून सांगते. गावात राहिलेला म्हणजे सरळ आणि निष्ठावान, गाव सोडून गेलेली म्हणजे महत्त्वाकांक्षी आणि आतून रिकामी, ही वाटणी या प्रकारच्या कादंबऱ्यांत इतकी मुरली आहे की लिहिणाऱ्याला ती दिसतही नाही. तुमच्याही पानांत ती शिरली आहे. तो का राहिला? राहणं ही त्याची निवड होती की निघण्याची भीती? आणि तिला त्या सतरा वर्षांत खरोखर काही आनंद मिळालाच नसेल का? तिचं गेलेलं आयुष्य तुम्ही पोकळ ठरवलंत, तर परत येणं म्हणजे पराभव होतो. तिचं तिकडे चांगलं चाललेलं असू द्या. मग ती जे सोडेल किंवा सोडणार नाही, त्याला वजन येईल.

भूतकाळ सांगण्यासाठी स्वतंत्र लांबलचक प्रकरण लिहू नका. ती एक दुपार दोघांना वेगवेगळी आठवू द्या. तिच्या आठवणीत तो आधी उठून गेला, त्याच्या आठवणीत ती. वाचक दोन्ही ऐकतो आणि काय घडलं असेल ते स्वतः जुळवतो. तुम्ही ज्याला ‘साहित्यिक’ म्हणता ते मला इथे दिसतं, एकाच क्षणाच्या दोन प्रामाणिक आणि न जुळणाऱ्या साक्षींत. पावसाच्या उपमांमध्ये ते फारसं नसतं. तुमच्या पंधरा पानांत पाऊस सहा वेळा काहीतरी ‘सारखा’ आहे. मला वाटतं एकदा तो नुसता पडू द्यावा.

राहिला शेवट. ज्येष्ठ लेखकांच्या म्हणण्यामागे एक समज आहे, तो तुम्हीही न तपासता घेतला आहे: दुःख खोल असतं, सुख उथळ. शेक्सपिअरचं ‘द विंटर्स टेल’ घ्या. राजा लिऑन्टीझ खोट्या संशयापायी बायकोला, हर्मायोनीला, गमावतो. सोळा वर्षांनी तिचा पुतळा म्हणून जे दाखवलं जातं, ती जिवंत तीच असते. राजाचं लक्ष जातं ते सुरकुत्यांकडे. तो म्हणतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या नव्हत्या. ती खाली उतरून येते, त्याला मिठी मारते. पण तिच्या तोंडी जे मोजके शब्द आहेत ते मुलीला उद्देशून आहेत. नवऱ्याशी ती एक शब्दही बोलत नाही. आणि त्यांचा लहान मुलगा मॅमिलियस, जो त्या संशयाच्या काळात मेला, तो परत येत नाही. कागदावर हा सुखान्तच आहे. तो हलका आहे असं कोण म्हणेल? दुसरी संधी मिळते तेव्हा पहिलीचं नुकसान भरून निघत नाही. ते शेजारी बसून राहतं. तुमच्या शेवटात सतरा वर्षं कुठे बसलेली असतील, हे मला जाणून घ्यायला आवडेल. न झालेली मुलं, न घेतलेली घरं, एकमेकांना माहीत नसलेली आजारपणं. तेवढं तुम्ही पानावर आणलंत तर दोघांना खुशाल एकत्र आणा.

तुमच्या गटातल्या दोघीही चूक नाहीत. वाचकाशी करार असतोच. रोमान्स लिहिणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेनं या प्रकाराची व्याख्या दोनच अटींत केली होती: केंद्रस्थानी प्रेमकथा, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायक. त्यात लग्न नाही, एकाच छपराखाली राहणं नाही. ‘आशादायक’ या शब्दात बरीच जागा आहे. तिनं जाण्याचा दिवस पुढे ढकलला, इतकंसुद्धा त्यात बसतं. मलपृष्ठावर ‘प्रेमकथा’ छापायचं असेल तर ही आशा वाचकाला द्या. ते पाळायचं नसेल तर मलपृष्ठावर तसा शब्द वापरू नका. लेबलाचा प्रश्न एवढाच आहे आणि तो हस्तलिखित पूर्ण झाल्यावर प्रकाशकासोबत बसून सोडवता येतो. लिहिताना त्याला टेबलावर जागा देऊ नका. चार्ल्स डिकन्सनं एका लेखकमित्राच्या सांगण्यावरून आपल्या १८६१ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट बदलला, दूर जाणाऱ्या दोघांना जवळ आणलं, कोणता शेवट बरोबर यावर वाचक अजून भांडतात. दुसऱ्याच्या सल्ल्यानं बदललेला शेवट चांगलाही असू शकतो. पण निवडायचा कसा, तर दोन्ही लिहून, आणि दोघांनी तेव्हा जे केलं नाही ते कुठल्या शेवटात केलं हे पाहून.

आणि तुमचा ताजा कलम. तुम्ही म्हणालात की तो मुद्दा नाही, आणि मी त्यात शिरणार नाही. एवढंच विचारते: हरवलेलं पत्र त्याच्यासाठी आहे, की तुमच्यासाठी? खऱ्या आयुष्यात कुणी तरी लिहिलं नसेल, आणि तुम्ही सतरा वर्षांनी कादंबरीत त्याच्या हातून ते लिहून घेतलं असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. कितीतरी चांगली पानं अशीच सुरू होतात. पण मग त्या परिच्छेदाला हात लावायला तुम्ही का कचरता हेही कळतं. तिथे दोष कुणाचाच नाही असं ठेवणं ही कुणावर तरी केलेली माया आहे. नायकाचा पेशा, चेहरा, बोलण्याची लकब बदला. ओळखीचं जे काही असेल ते काढून टाका. घरच्यांना काय सांगायचं ते पुस्तक पूर्ण झाल्यावर ठरवा, आणि छापायच्या आधी सांगा. सध्या त्या माणसाला पुरतं परकं करा, म्हणजे त्याच्याबद्दल खरं लिहिता येईल.

या आठवड्यात शेवटाची फाइल उघडू नका. ताटातुटीची ती एक दुपार लिहा, सलग, आठ-दहा पानं. कादंबरीत त्यातली दोनच राहिली तरी चालेल. कोण कुठे बसलं होतं, कोण आधी उठलं, कुठलं वाक्य ओठावर येऊन राहिलं. आधी त्याच्या बाजूनं लिहा. तिची बाजू तुम्हाला पाठ आहे.